तिन्ही वेळा ९.८

आमच्या बॅचमध्ये छत्तीस जण होते आणि त्या दिवशी छत्तीसच्या छत्तीस जणांचं सीबीआर ९.८ आलं. त्यातले सहा जण तर आलेच नव्हते. १९९१ चा डिसेंबर, नागपुरात हिवाळी अधिवेशन सुरू, सीताबर्डीकडचे रस्ते मोर्च्यांनी अडलेले. पण जर्नलमध्ये त्या तारखेच्या पानावर त्यांचंही ९.८ आहे, आणि खाली सरांची लाल सही.

ज्यांनी बी.एस्सी.ची केमिस्ट्रीची लॅब पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. वर काचेची उभी नळी, म्हणजे ब्युरेट, तिच्यात जांभळं पोटॅशियम परमँगनेट. खाली फ्लास्कमध्ये पिपेटने मोजून घेतलेलं दहा मिली ऑक्झॅलिक ॲसिड, हाताला सोसेल न सोसेल इतकं गरम केलेलं. वरून थेंब थेंब सोडायचा, फ्लास्क हलवत राहायचा. जांभळा थेंब पडतो आणि विरतो, पडतो आणि विरतो, आणि एका थेंबाला अख्खा फ्लास्क फिकट गुलाबी होतो आणि तसाच राहतो. चावी बंद. किती मिली लागलं ते लिहा. हे तीनदा करायचं आणि जे रीडिंग स्थिर येईल ते कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, सीबीआर. चांगल्या हाताला तिन्ही वेळा खरोखर सारखं येतं, यात खोटं काही नाही. पण अठरा वर्षांच्या पोरापोरींचे हात चांगले नसतात. माझं पहिलं ९.६ आलं, दुसरं १०.१.

तिसऱ्यासाठी मी फ्लास्क धुवायला घेतला तेव्हा माझा पार्टनर म्हणाला, "कायले टाइमपास करून राहिली? ९.८ लिही ना तिन्हीकडे. मधलंच तर आहे."

मधलंच होतं. सरासरी काढली तर जवळपास तेवढीच येत होती, म्हणजे उत्तर बरोबर होतं, फक्त ते तीनदा आलेलं नव्हतं. मी पेन्सिलने लिहिलेलं ९.६ खोडलं. खोडरबराचा भुगा फुंकून टाकला आणि पेनाने ९.८, ९.८, ९.८ असं एकाखाली एक लिहिलं. किती सुबक दिसत होतं ते! त्या कोष्टकाखाली मी स्केलने डबल रेघसुद्धा मारली.

विद्यापीठीय शिक्षणाने माणसाच्या नीतिमत्तेचं काय होतं, या विषयावर परवा एका कार्यक्रमात बोलायला बोलावलं होतं. मूल्यशिक्षण, संस्कार, घसरण हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी बोलून झालं होतं. मला मात्र तो खोडरबराचा भुगाच आठवत राहिला. खोटं लिहायला मला घराने शिकवलं नव्हतं, धरमपेठेतल्या शाळेनेही नाही. ते मी कॉलेजात शिकले, आणि गंमत म्हणजे चुकवेगिरी म्हणून नाही, नीटनेटकेपणा म्हणून शिकले.

कारण मार्कांची मांडणीच तशी होती. उत्तर अपेक्षित आकड्याच्या जितकं जवळ, तितके मार्क. रीडिंग खरं घेतलं का, यासाठी रकाना नव्हता. ज्याला खरं १०.३ आलं आणि ज्याने तेच लिहिलं, त्याचे मार्क जाणार. ज्याने शेजाऱ्याचं पाहून ९.८ लिहिलं, त्याला पूर्ण. प्रॅक्टिकलच्या परीक्षेच्या दिवशी तर उत्तर आधीच बाहेर आलेलं असायचं. ते कुठून यायचं हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी विचारत नव्हतं. जर्नलच्या पहिल्या पानावर छापील मजकूर असे, की या विद्यार्थ्याने वर्षभरातले प्रयोग समाधानकारकपणे पूर्ण केले आहेत असं प्रमाणित करण्यात येतं. खाली प्राध्यापक, वर विभागप्रमुख. वयाच्या अठराव्या वर्षी आपल्या नावासमोर एक सहीशिक्क्याचं खोटं पाहायला मिळणं, हे एक वेगळंच शिक्षण आहे. आणि सही करणारी माणसं वाईट नव्हती, हा त्यातला अवघड धडा.

पार्टनरची बाजूही सांगितली पाहिजे. तो नागपुरातल्याच इंदोऱ्याचा. वडील एम्प्रेस या कापडगिरणीत, आणि मिलचं तेव्हा काही खरं उरलं नव्हतं. दर दसऱ्याला तो दीक्षाभूमीवर येणाऱ्या लोकांना पाणी वाटायला उभा असायचा आणि परतताना तिथून एक तरी पुस्तक घेऊन यायचा. पंचशील त्याला पाठ होतं, खोटं न बोलण्याचं चौथं शीलही. मी एकदा शहाणपणा करून त्यावरून त्याला चिडवलं. तो हसला नाही. म्हणाला, "तुझे दोन मार्क गेले तर तुझे बाबा दोन दिवस बोलणार नाहीत. माझे गेले तर एम.एस्सी.ला नंबर लागत नाही. तू घे खरं रीडिंग. तुला परवडते."

माझे बाबा एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या सरकारी कार्यालयात होते. मला परवडत होतं, आणि तरी मी ९.८ लिहिलं होतं. प्रामाणिकपणावर बोलणाऱ्यांनी आधी आपली पासबुकं दाखवावीत, असं मला अजूनही कधी कधी वाटतं.

आता सरांबद्दल. सर एलआयटीत शिकलेले. लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटचा त्यांना भारी अभिमान. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात विद्यापीठाला इस्टेट दिली आणि त्या पैशातून १९४२ मध्ये ती संस्था उभी राहिली, हे ते वर्षातून चारदा तरी सांगायचे. कोणी अभिक्रियक सांडलं की म्हणायचे, "एका माणसाने शिक्षणापायी अख्खी इस्टेट दिली अन् तुम्ही मिलिलिटर उधळून राहिले." तेच आमचे एनएसएसचे कार्यक्रम अधिकारी. एनएसएस म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, गांधी शताब्दीच्या १९६९ सालात सुरू झालेली. दोन वर्षांत २४० तास समाजकार्य, छातीवर कोणार्कच्या चाकाचा बिल्ला, ब्रीदवाक्य 'नॉट मी, बट यू'. मूल्यशिक्षणाची याहून सरळ योजना कोणती असणार?

दुसऱ्या वर्षी आमचं शिबिर उमरेडच्या पुढच्या एका गावात होतं. दिवसा सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून नाल्यावर वनराई बंधारा. मी आणि आणखी दोघी केमिस्ट्रीच्या म्हणून आमच्याकडे वेगळं काम आलं: गावातल्या अकरा विहिरी आणि हातपंपांचं पाणी किती जड आहे ते तपासायचं. शाळेच्या व्हरांड्यात टेबल, त्यावर ब्युरेट. पाण्यात बफर टाकला की अमोनियाचा वास नाकात जायचा, मग इंडिकेटरचे दोन थेंब, पाणी रेड वाइनसारखं लालसर, आणि ब्युरेटमधून ईडीटीए नावाचं द्रावण सोडत गेलं की एकदम निळं. गावातली पोरं रंग बदलायला टाळ्या वाजवायची. हसली की त्यांच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसत. आम्ही तिघी आपसात म्हणायचो, बघ, एवढीएवढी पोट्टी अन् खर्रा खातात. खर्रा म्हणजे आमच्याकडचं सुपारी-तंबाखूचं मिश्रण.

आठ विहिरी नीट झाल्या. उरलेल्या तीन शेवटच्या दिवशी संध्याकाळी करायच्या होत्या आणि त्याच संध्याकाळी हुंडाबंदीवर आमचं पथनाट्य होतं, त्याची तालीम. बाटल्या भरून टेबलावर ठेवलेल्या होत्या. मी वही उघडली. बाकीचे आकडे तीनशे ते चारशेच्या घरात होते. मी ३४०, ३६०, ३५० लिहिलं आणि तालमीला पळाले. बाटल्या ओतून दिल्या. वाईट वाटलं का? नाही. मी सासूचं काम करत होते, तेच डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी समारोपाला तक्ता लावला. नऊवारी कासोट्यातली एक म्हातारी बराच वेळ त्याच्यासमोर उभी होती, तिला वाचता येत नव्हतं. मला म्हणाली, "आमच्या विहिरीचं काय निघालं वो बाई?"

मी बोट फिरवत तिची विहीर शोधली. शेवटच्या तीनपैकी होती. म्हटलं, "चांगलं आहे आजी."

"मंग त्या पाण्यात डाळ काऊन शिजत नाही?"

जड पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, हे आम्ही आदल्याच दिवशी गावाला भाषण करून सांगितलं होतं. सर मागे उभे होते. तेव्हा काही बोलले नाहीत. परतीच्या एसटीत माझ्या शेजारी येऊन बसले, वही मागितली, तीन आकड्यांवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत राहिले. ते म्हणाले, "रविवारी सात पस्तीसची गाडी आहे गणेशपेठहून. कॅन धुऊन आण."

बस्स, एवढंच. रविवारी आम्ही दोघं गेलो, तीन कॅन भरून आणले, तिकिटं त्यांनी काढली. सोमवारी कॉलेज सुटल्यावर त्यांनी मला लॅबमध्ये तीनही पाण्यांची तीन-तीन टायट्रेशन करायला लावली आणि स्वतः कोपऱ्यात पेपर तपासत बसले. दोन विहिरींचं साडेचारशेच्या आसपास निघालं. म्हातारीच्या विहिरीचं ७२०. पिण्याच्या पाण्यात दुसरी सोय नसेल तर चालवून घ्यायची मर्यादासुद्धा लिटरला ६०० मिलिग्रॅमची आहे. सरांनी मला सरपंचांच्या नावे पोस्टकार्ड लिहायला लावलं आणि खाली सही केली. उत्तर आलं नाही. मी त्या गावाला पुन्हा गेले नाही.

ही गोष्ट इथे संपवली तर सर देवमाणूस होतात आणि माझं शिक्षण पूर्ण होतं. पण वर्षअखेरीच्या प्रॅक्टिकलला हेच सर आमच्या टेबलांमधून फिरत होते आणि बाहेरून आलेले परीक्षक चहाला गेले तेव्हा हळूच म्हणाले, "दहाच्या आत ठेवा रे." खूप वर्षांनी, ते निवृत्त झाल्यावर, मी त्यांना याबद्दल विचारलं. म्हणाले, "बाकीच्या कॉलेजांची पोरं पूर्ण मार्क घेऊन राहिली होती. माझीच पोरं मागं पाडू?" थोडं थांबून म्हणाले, "विहिरीचं पाणी लोक पितात. परीक्षेचं कोण पितं?" मला ते तेव्हा पटलं होतं. आता पटत नाही, कारण परीक्षेचंच पाणी पिऊन आम्ही विहिरीवर गेलो होतो. पण त्यांच्यावर रागावताही येत नाही.

नंतर वाचनात आलं की हे कोडं मला एकटीलाच पडलेलं नाही. अमेरिकेत १९२० च्या दशकात हार्टशोर्न आणि मे या दोघांनी सुमारे अकरा हजार शाळकरी मुलांना फसवणुकीची, खोटं बोलण्याची संधी मिळेल अशा निरनिराळ्या प्रसंगांत ठेवून पाहिलं. प्रामाणिक मुलं आणि लबाड मुलं असे दोन कप्पे त्यांना सापडले नाहीत. एका ठिकाणी सरळ वागलेलं मूल दुसरीकडे सर्रास फसवत होतं. पुढे १९७३ मध्ये डार्ली आणि बॅटसन यांनी प्रिन्स्टनच्या सेमिनरीतल्या, म्हणजे पाद्री व्हायला निघालेल्या चाळीस विद्यार्थ्यांवरचा प्रयोग छापला. त्यांना भाषण द्यायला दुसऱ्या इमारतीत पाठवलं. काहींचा तर विषयच वाटेवरच्या जखमी माणसाला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत एक माणूस खोकत, कण्हत पडलेला. ज्यांना वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना उशीर झाला असं सांगितलं होतं त्यांच्यातले १० टक्के. विषय कोणता होता याने विशेष फरक पडला नाही.

हे वाचलं तेव्हा मला माझी सासूची भूमिका आठवली. मीही समाजप्रबोधनाच्याच घाईत होते.

उलट बाजूचंही संशोधन आहे. जेम्स रेस्ट यांनी लोकांना नैतिक पेच सोडवायला देऊन त्यांचा विचार मोजायची पद्धत काढली आणि त्यात दिसलं की कॉलेजात जितकी वर्षं जास्त, तितका माणूस या पेचांचा विचार अधिक प्रगल्भपणे करतो. शिक्षण सुटलं की ही वाढही मंदावते. मला यात शंका नाही. माझाही विचार वाढलाच होता. त्या तीन विहिरींसाठी माझ्याकडे किती छान तर्क होता: आजूबाजूच्या विहिरी सारख्या, खडक सारखा, आकडे सारखेच येणार. न शिकलेल्या माणसाला असा तर्क सुचला नसता. त्याने सरळ सांगितलं असतं, तपासलं नाही.

दातांवरचे पट्टे खर्ऱ्याचे नसावेत, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. लहानपणी पाण्यातून फ्लोराइड जास्त गेलं की दात असे होतात. विदर्भात असं पाणी असलेली गावं आहेत, यवतमाळ आणि चंद्रपूरकडची तर बरीच. त्या गावात फ्लोराइड होतं की नाही ते सांगता येणार नाही, कारण आम्ही ते तपासलंच नाही. पाण्याचा जडपणा तेवढा आमच्या अभ्यासक्रमात होता. पोरांची टिंगल मात्र करून आलो.

गेली बावीस वर्षं मी पाणी तपासते. एका लहान खासगी लॅबमध्ये आहे. लिटरला फ्लोराइड १.५ मिलिग्रॅमच्या वर नको, नायट्रेट ४५ च्या वर नको, हे आकडे आता घरच्या फोन नंबरासारखे झालेत. मध्यंतरी एका वसाहतीच्या बोअरचं पाणी आलं होतं, फ्लोराइड १.७. पाणी घेऊन आलेला गृहस्थ अतिशय सभ्य. खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "मॅडम, पॉइंट दोनने काय होते?" मी पुन्हा तपासून दिलं, पुन्हा १.७. तो रिपोर्ट न घेताच गेला, कुठून तरी दुसरा घेतला असणार. आमचं ते कायमचं गिऱ्हाईक तुटलं आणि मालकांनी मला महिनाभर टोमणे मारले. मी फार धीराने वागले असं नाही. मनात सारखं येत होतं, की ९.६ चं ९.८ मी दोन सेकंदांत केलं होतं, तेही पॉइंट दोनच.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत सांगितलं होतं, की संवैधानिक नैतिकता ही माणसात उपजत नसते, ती मशागत करून रुजवावी लागते आणि आपल्या लोकांना ती अजून शिकायची आहे. हा उतारा मला पार्टनरने पाठवला, व्हॉट्सॲपवर. तो आता भंडाऱ्याकडे एका कॉलेजात शिकवतो. त्याने स्वतःच्या लॅबमध्ये एक नियम केलाय: तिन्ही रीडिंग सारखी आली तर विद्यार्थ्याने चौथं त्याच्यासमोर घ्यायचं. मी विचारलं, मार्कांचं काय करतोस? म्हणाला, "विद्यापीठाचा साचा आहे तोच आहे. पण पोट्ट्यांचा हात बसून राहिला आहे, ते बरं झालं."

माझी भाची एम.एस्सी.चा प्रबंध लिहिते आहे. माझ्या डिग्रीवर नुसतं नागपूर विद्यापीठ, तिच्यावर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ असेल; नाव २००५ मध्ये बदललं. तिचा प्रश्न असा होता: "मावशी, किती टक्क्यांपर्यंत चालते?" चोरलेल्या मजकुराबद्दल यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, ४० पर्यंत असेल तर सहा महिन्यांत सुधारून द्या, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नियम हवेतच, मी त्यांच्या विरोधात नाही. पण भाचीच्या तोंडी तो प्रश्न डाळीच्या भावासारखा आला. तिच्या मैत्रिणी मशीनकडून लिहून घेतात आणि मग दुसऱ्या मशीनकडून साम्य कमी करून घेतात. पर्यावरणाच्या सक्तीच्या पेपरचा प्रोजेक्ट तर पिढ्यान्‌पिढ्या झेरॉक्सवाल्याकडेच राहतो, नाव तेवढं बदलायचं. मी तिला काय सांगणार? म्हटलं, जेवढं तू स्वतः पाहिलंस तेवढं आधी लिही. ती म्हणाली, मग तर चारच पानं होतात.

गेल्या महिन्यात आमच्याकडे ट्रेनी घ्यायचे होते. मी मुलाखतीत फार विचारत नाही. पाण्याची बाटली देते आणि म्हणते, तीन रीडिंग घ्या. सहा जण आले होते. त्यातल्या चौघांची तिन्ही रीडिंग तंतोतंत सारखी. एक आधीच दुसऱ्या लॅबमध्ये काम केलेला होता, त्याची खरी असतील. बाकी तिघांचं मी पाहत होते, तिसऱ्या वेळी ब्युरेटची चावी फिरलीच नव्हती.

सहावी मुलगी गडचिरोलीकडची, एकदम किरकोळ, हात थरथरत होते. पहिलं लिहिलं ९.४. दुसरं ९.९. तिसऱ्या वेळी फ्लास्क हातातून सटकला आणि लालसर पाणी टेबलावरून माझ्या चपलेपर्यंत आलं. तिने ते पुसलं, टेबलाशी परत गेली, तिसऱ्या रकान्यात एक आडवी रेघ मारली आणि समोर लिहिलं: सांडलं.

मालक माझ्या कानाशी म्हणाले, "हात फारच कच्चा आहे हो हिचा." होताच. मी कपाटातून दुसरा फ्लास्क काढून तिला दिला.